व्हेपवर बंदी आणलीत, आता सिगारेट सोडू पाहणाऱ्याचं बघा

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री, नवी दिल्ली
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ई-सिगारेटबंदीनंतर धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचारांची सोय

महोदय,

मी पुण्यात छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार), क्षय, फुप्फुसाचा कर्करोग हे माझं रोजचं काम. यातल्या पुष्कळ रुग्णांना औषधाच्या आधी एकच गोष्ट सांगावी लागते, धूर बंद करा. त्यावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, सिगारेट सोडायला व्हेप चालेल का?" व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. सुरुवातीला हा प्रश्न हिंजवडी-खराडीच्या आयटीतल्या मुलांचा होता. आता बँकेतले, दुकानदार, रिक्षावालेही विचारतात. मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं म्हणून आईवडील घाबरून येतात, तेही विचारतात.

सरकारचं उत्तर कायद्यात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत; नुसत्या साठवणीला शिक्षा यापेक्षा कमी. ही वस्तू विकता येईल का, याचं हे उत्तर झालं. माझ्यासमोरचा माणूस मात्र वेगळंच विचारत असतो. याने माझी सिगारेट सुटेल का, आणि वीस वर्षांनी माझ्या फुप्फुसांचं काय झालेलं असेल? त्याला खरं उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ते त्याला कुणी देत नाही, म्हणून तो इन्स्टाग्रामवर शोधतो आणि तिथे त्याला विकणारा भेटतो.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे गैरसमज व्हायला नको. बंदी उठवा असं मी म्हणत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती. यातली कितीतरी मुलं सिगारेटच्या वाटेला कधी गेलीही नसती. आंबा, पुदिना, टरबूज अशा चवी, खिशात मावणारं यंत्र, वास नाही, राख नाही, आणि घशाला न खवखवणारं निकोटीन-सॉल्ट. वाढीच्या वयातला मेंदू निकोटीनला फार लवकर धरून बसतो आणि त्या वयात लागलेली तलफ सोडवणं किती कठीण, हे मी रोज बघतो. तंबाखूच्या कुठल्या ना कुठल्या रूपाला जखडलेली २६ कोटींहून जास्त प्रौढ माणसं ज्या देशात २०१६-१७ च्या पाहणीत मोजली गेली, तिथे आणखी एक दार उघडू नये म्हणून सरकारने पाऊल उचललं. ते मला पटलं होतं आणि आजही पटतं.

पण बंदीचं समर्थन करायला विज्ञान वाकवू नये. २०१९ च्या मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. त्यानंतर जगात पुष्कळ संशोधन झालं. त्यातलं आपल्याला सोयीचं तेवढं सांगायचं आणि गैरसोयीचं झाकायचं, असं डॉक्टरांनी केलं की रुग्णाचा विश्वास जातो. तो गेला की आमचं कुठलंच म्हणणं त्याला खरं वाटत नाही.

गैरसोयीचं आधी सांगतो. २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी छापून आली. तिथल्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ जणांपैकी निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना त्यांच्या पसंतीची कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, निकोटीनचं च्युइंगम वगैरे. वर्षानंतर ई-सिगारेटच्या गटातल्या १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. पुढे वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांच्या २०२४ च्या आढाव्यात सत्तावीस हजारांवर लोक आहेत. निष्कर्ष असा की शंभर जणांनी निकोटीनच्या ई-सिगारेटने प्रयत्न केला तर ८ ते १० जणांची सिगारेट सुटेल, पट्टी किंवा गमने ६ जणांची, आणि काहीच मदत नसेल किंवा नुसतं समुपदेशन असेल तर ४ जणांची. पट्टी-गमशी केलेल्या तुलनेतल्या पुराव्याची खात्री त्यांनी 'उच्च' अशी लावली आहे. म्हणजे ई-सिगारेटने सिगारेट सुटतच नाही, असं यापुढे सरकारी भाषणात कुणी म्हणू नये. ते खरं नाही.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू, जी विकणारा कधीच सांगत नाही. शंभरातल्या नव्वद जणांची सिगारेट तरीही सुटत नाही. शिवाय त्या ब्रिटिश चाचणीत ई-सिगारेटच्या मदतीने ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांच्यातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. पट्टी-गमवाल्यांत, सिगारेट सुटलेल्यांपैकी ९ टक्केच गम-पट्टीवर राहिले होते. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या १,२४६ जणांच्या चाचणीतही तेच चित्र दिसलं. सहा महिन्यांनी ई-सिगारेट मिळालेल्यांत २८.९ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली, न मिळालेल्यांत १६.३ टक्के. पण निकोटीनच पूर्ण सुटलेले किती, असं विचारलं की पारडं फिरतं : ई-सिगारेटच्या गटात २०.१ टक्के, दुसऱ्या गटात ३३.७ टक्के. सिगारेट जाते, निकोटीन राहतं. काही रुग्णांच्या बाबतीत हा सौदाही मला मान्य आहे. रोज दोन पाकिटं ओढणाऱ्या, हृदयाला स्टेंट बसवलेल्या पन्नाशीच्या माणसाला धुरापासून दूर नेता आलं तर मी ते मोठं यश मानेन. पंचविशीतल्या, दिवसाला चार सिगारेटी ओढणाऱ्या मुलाला मात्र हा सौदा मी कधीच सुचवणार नाही.

आणि दूरचं काय? इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त खोटं याच ठिकाणी बोललं जातं, दोन्ही बाजूंनी.

सिगारेट जळते. तंबाखू जळताना डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग निर्माण करणारी डझनावारी रसायनं तयार होतात, आणि माणूस मुख्यतः त्या जळण्याने मरतो. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक कॉइल तापते, प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चवीची रसायनं यांचं मिश्रण तापून त्याचे सूक्ष्म थेंब छातीत जातात. कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही, डांबर नाही. २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या लघवीत कर्करोगजनक द्रव्यांचे अंश मोजले. सिगारेट पूर्ण सोडून दीर्घकाळ फक्त ई-सिगारेट ओढणाऱ्यांत तंबाखूच्या एका प्रमुख कर्करोगजनक नायट्रोसअमाइनचा अंश धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा ९७ टक्क्यांनी कमी होता. हे मोठं आहे, आणि ते मी रुग्णापासून लपवत नाही. त्याच अभ्यासातली पुढची ओळ मात्र त्याला दोनदा वाचून दाखवतो : जे सिगारेटही ओढत होते आणि ई-सिगारेटही, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. माझ्याकडे येणाऱ्या व्हेपवाल्यांतले बहुतेक असेच आहेत. ऑफिसात व्हेप, खाली टपरीवर सिगारेट. त्यांना वाटतं आपण अर्ध्यावर आलो. ते होते तिथेच आहेत.

आता '९५ टक्के कमी घातक' हा आकडा. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने तो वापरला आणि तेव्हापासून तो जगभर फिरतो आहे. माझ्या रुग्णांनाही तो तोंडपाठ असतो. कुठल्या रुग्णांना वीस वर्षं तपासून तो आलेला नाही. त्याच्या मुळाशी तज्ज्ञांच्या एका गटाने बसून केलेला अंदाज होता आणि त्यावर तेव्हाच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने टीका केली होती. सिगारेटपेक्षा खूप कमी घातक, इतपत म्हणायला आधार आहे. पण किती, ते नेमक्या टक्क्यांत सांगणारा माणूस स्वतःला माहीत नसलेलं सांगतो आहे.

कारण साधं आहे. आजच्या ई-सिगारेटचा जन्म चीनमध्ये २००३ च्या आसपास झाला. सिगारेटचा हिशेब लागायला किती वर्षं गेली ते आठवून पाहा. पहिल्या महायुद्धात सिगारेट सैनिकांच्या हाती घाऊक गेली. फुप्फुसाच्या कर्करोगाशी तिचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये आकडेवारीने मांडला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला १९६४ मध्ये. आज वीस वर्षं फक्त व्हेपच ओढलेला, कधीच सिगारेट न ओढलेला पन्नाशीचा माणूस शोधून सापडणं मुश्कील. जे सापडतात ते आधी वर्षानुवर्षं धूर ओढलेले. त्यांना उद्या हृदयविकाराचा झटका आला तर जुन्या सिगारेटीचा दोष किती आणि नव्या यंत्राचा किती, कोण सांगणार? कॉक्रेनच्या चाचण्यांतही लोकांवर लक्ष ठेवलेला काळ जास्तीत जास्त दोनेक वर्षांचा. त्या काळात गंभीर दुष्परिणामाचा ठोस पुरावा दिसला नाही, एवढं ते म्हणतात. निकोटीनमुळे नाडी वाढते, रक्तदाब वाढतो हे आजच दिसतं. पोटात गेलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल शरीर पचवतं, पण तेच रोज शेकडो झुरक्यांनी वर्षानुवर्षं छातीत गेल्यावर काय होतं, ते कळायला वर्षंच जावी लागतील. दालचिनीच्या चवीतलं सिनामाल्डिहाइड श्वासनळीतल्या केसांसारख्या तंतूंची हालचाल मंदावतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. श्वासनळीत आलेली घाण वर ढकलण्याचं काम हेच तंतू करतात. कॉइलमधले निकेल, क्रोमियम, शिसं बाष्पात सापडले आहेत.

याच्या उलट टोकाला भीतीचा बाजार आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली; फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात मृत्यू ६८. नेमका तोच काळ आपल्या अध्यादेशाचा असल्याने ते आकडे आपल्याकडे अजून सांगितले जातात. ते मृत्यू प्रामुख्याने गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य असलेल्या, व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेल्या काळ्या बाजारातल्या काडतुसांशी जोडले गेले. ही माहिती गाळून आकडे सांगणं रुग्णाशी प्रामाणिक नाही. उलट त्यातून आपल्या कामाचा खरा धडा निघतो, तो काळ्या बाजाराचा.

महोदय, माझ्या पत्राचा गाभा हाच आहे. ब्रिटनमधली चाचणी म्हणजे नुसतं यंत्र नव्हतं. त्या लोकांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशक भेटत होता. तिथे विकल्या जाणाऱ्या द्रवात निकोटीन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आत काय घातलं ते कंपनीला सरकारदरबारी नोंदवावं लागतं. आपल्याकडचा मुलगा टेलिग्रामवर नंबर मिळवून, कुरिअरने किंवा पानपट्टीच्या मागच्या बाजूने जे विकत घेतो त्यावर यातलं काहीच बंधन नाही. बहुतेक माल चीनमधून चोरवाटेने येतो. खोक्यावर पाच टक्के निकोटीन लिहिलेलं असतं, खरं किती ते कुणाला ठाऊक? त्याच्यासोबत समुपदेशक नाही, सोडण्याची तारीख नाही, डोस हळूहळू उतरवण्याची योजना नाही. ब्रिटनमधल्या पुराव्याचं सर्टिफिकेट या चोरट्या वस्तूला लागू होत नाही. रुग्णाला हे सांगितलं की तो समजतो. माझा अनुभव आहे. लोकांना खरं सांगितलं तर ते ऐकतात.

मग तो विचारतो, "बरं, हे नको. मग काय घेऊ?" आणि इथे माझ्याकडे देण्यासारखं असूनही मला त्याला रिकाम्या हाती पाठवल्यासारखं वाटतं.

निकोटीन गम आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत निकोटीन उपचाराचा समावेश झाला, त्याबद्दल आपले आभार. पण यादीत नाव येणं आणि गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत ते असणं यात फार अंतर आहे. शिरूर-इंदापूरहून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना ते गावात मिळत नाही, दुकानातून घ्यावं लागतं. गमची एक स्ट्रिप बिडीच्या बंडलापेक्षा महाग आहे, हे गणित गरीब माणूस माझ्याआधी करतो. घेतलंच तरी कसं खायचं ते कुणी सांगत नाही. तो ते साध्या च्युइंगमसारखं चावत सुटतो, निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि तो ते फेकून देतो. चार-सहा वेळा चावायचं, जिभेला चुरचुरलं की हिरडी आणि गालाच्या मध्ये ठेवून द्यायचं, ती चव गेली की परत चावायचं. समजावायला दोन मिनिटं लागतात. उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला पहिली सिगारेट लागते त्याला दोन मिलिग्रॅमचं गम बहुधा पुरत नाही, चारचं लागतं. पट्टी आणि गम एकत्र दिलं तर एकट्यादुकट्यापेक्षा चांगलं काम करतं. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे. फिनलंडच्या एका चाचणीत ती ई-सिगारेटच्या बरोबरीने उपयोगी ठरली, आणि २०१६ मध्ये आठ हजारांवर लोकांच्या चाचणीने तिच्यावरचा मानसिक दुष्परिणामांचा जुना संशय बराच दूर केला. ई-सिगारेटशिवायही हातात साधनं आहेत. ती माणसापर्यंत पोहोचत नाहीत.

१८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा आहे. तो नंबर प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावर असतो आणि मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तिचं उपकेंद्र आहे. हे चांगलं काम आहे. माझ्या रुग्णांपैकी फार थोड्यांनी तो नंबर कधी फिरवला आहे, कारण त्याचा उपयोग काय ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. व्हेप विकणाऱ्याची तक्रार करायला २०२३ मध्ये आपण पोर्टल काढलंत. त्याच तत्परतेने सोडणाऱ्याचा हात धरा, एवढीच विनंती आहे. २०१६-१७ च्या त्याच पाहणीनुसार देशातल्या ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांच्या मनात सोडण्याचा विचार असतो, आणि डॉक्टरने 'सोडा' असं सांगितलेले निम्म्याहून कमी. हा दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. रक्तदाब मोजतो तसं प्रत्येक रुग्णाला 'तंबाखू घेता का, कुठल्या रूपात' हे विचारून केसपेपरवर लिहिणं आपण सक्तीचं केलंत तर आमच्यातल्या आळशांनाही ते करावं लागेल.

आणि हे करताना महाराष्ट्र कसा आहे ते लक्षात ठेवा. त्याच पाहणीत या राज्यात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूर ओढणारे आणि २४.४ टक्के तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री तोंडात ठेवणारे निघाले. विदर्भातला खर्रा खाणारा, दातांना मिश्री लावणारी शेतमजूर बाई, यांच्या आयुष्यात व्हेपचा काहीच संबंध नाही. व्हेपविषयीची सगळी चर्चा शहरी आहे. ती करताना आपलं लक्ष आणि पैसा फक्त त्या चर्चेमागे जाऊ नये. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न मला कळतो. त्यांना दुसरं काम मिळवून देण्यासाठी पैसा खर्चा, मी टाळ्या वाजवीन. पण बिडी स्वस्त ठेवून ती ओढणाऱ्याची फुप्फुसं वाचत नाहीत. माझ्याकडे ऑक्सिजनवर येणाऱ्यांत बिडीवाले कमी नसतात.

बंदी असूनही व्हेपला लागलेल्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. त्यातली काही समोर बसून धडधडीत नाही म्हणतात, कारण त्यांना वाटतं डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि शाळा काढून टाकेल. जवळ बाळगणारा आणि विकणारा यांच्यातला फरक आपण स्वच्छ शब्दांत जाहीर करावा. उपचारासाठी आलेल्याला कायद्याची भीती नाही, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिता यायला हवं. शाळांनाही सांगा की असा मुलगा सापडला तर आधी समुपदेशकाकडे पाठवायचा. शाळेतून काढलेला मुलगा कोणाच्या संगतीत जाईल, हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या निकोटीनच्या व्यसनावर काय उपचार करावा, याची आपल्या परिस्थितीला धरून मार्गदर्शिका आयसीएमआरने आम्हाला द्यावी.

आयसीएमआरकडे आणखी एक मागणं आहे. २०१९ ची श्वेतपत्रिका आता जुनी झाली. ब्रिटनने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे संच द्यायचं जाहीर केलं आणि त्याच देशाने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणली. ऑस्ट्रेलियाने व्हेप फक्त औषधदुकानांच्या काउंटरमागे ठेवलं. जग शिकत शिकत धोरण बदलतं आहे. आपणही नवा पुरावा घेऊन श्वेतपत्रिका पुन्हा लिहावी, हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही काढावी, आणि निष्कर्ष बंदीच्या बाजूने आला तरी विरुद्ध बाजूचे आकडे त्यात पूर्ण छापावेत.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे माझी ठोस विनंती आहे. येत्या अर्थसंकल्पात निकोटीन गम, पट्टी आणि व्हॅरेनिक्लिन प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मोफत पोहोचवण्यासाठी स्वतंत्र तरतूद करा, आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना गम कसं द्यायचं ते शिकवा, आणि एक पानाचं मराठी पत्रक काढा ज्यात व्हेपबद्दल जे माहीत आहे आणि जे माहीत नाही ते दोन्ही सरळ लिहिलेलं असेल. ते पत्रक लिहायला मी आणि माझे सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत. पुढच्या आठवड्यात बोलावलंत तर पुढच्या आठवड्यात येतो.

या पत्राचं उत्तर आपण जाहीरपणे द्यावं, ही अपेक्षा.

कळावे,

आपला नम्र,
एक छातीविकारतज्ज्ञ, पुणे